लाकडी क्रूसाचे बालगायक

अनेक कंठांतून निघालेला आवाज एकाच कंठातून आल्यासारखा वाटावा, यासाठी गायकवृंदाला फार परिश्रम करावे लागतात. त्यातच रोज गाव बदलत असेल, तर हे काम अधिकच कठीण होते. फ्रान्समधील एका बालगायकवृंदाने मात्र प्रवास हेच आपले व्रत मानले.

१९०७ साली पॉल बेर्तिए आणि पिएर मार्तँ हे दोन तरुण विद्यार्थी सुटीत साव्हुआ प्रांतातील तामिए येथील मठात गेले होते. डोंगरांच्या कुशीतील त्या मठात साधूंचे धीरगंभीर प्रार्थनागान त्यांच्या कानी पडले. असे गाणे मुलांच्या मुखातून ठिकठिकाणी ऐकू यावे, असे त्यांच्या मनाने घेतले. बालगायकवृंद हे सामान्यतः एखाद्या विशिष्ट चर्चशी बांधलेले असत. या तरुणांनी स्थापन केलेला वृंद तसा नव्हता. जेथून बोलावणे येईल तेथे जाऊन त्याने गावे, असा त्यांचा संकल्प होता. पांढरा पायघोळ झगा आणि त्यावर छातीशी रुळणारा साधा लाकडी क्रूस हा मुलांचा वेष ठरला. त्यावरूनच ‘लाकडी क्रूसाचे छोटे गायक’ हे नाव पडले. १९२४ मध्ये फेर्नां माये या धर्मगुरूंनी वृंदाची धुरा हाती घेतली. त्यांच्या काळात ही मुले फ्रान्सच्या सीमा ओलांडून परदेशीही गाऊ लागली.

आपल्याकडे सामुदायिक प्रार्थनेत सर्वजण एकच चाल म्हणतात. या वृंदाचे गाणे निराळे असते. येथे गायकांचे चार गट असतात. सोप्रानो व आल्टो हे उंच स्वर लहान मुलांकडे, तर टेनर व बास हे खालचे स्वर थोरल्या मुलांकडे. चारही गट एकाच वेळी चार वेगवेगळ्या चाली गातात आणि त्यांच्या मिलाफातून गीत सिद्ध होते. पुष्कळदा साथीला वाद्य नसते. नादकाट्यावरून आरंभीचा स्वर एकदा घेतला, की पुढे आधार फक्त शेजाऱ्याच्या आवाजाचा! म्हणून येथे गाता येण्याइतकेच ऐकता येणेही महत्त्वाचे असते.

शहर बदलले की सभागृह बदलते आणि त्याबरोबर आवाजाची वागणूकही बदलते. उत्तरेकडील आमियाँच्या कॅथीड्रलचे छत सुमारे ४२ मीटर उंच आहे. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे जमिनीवरून निघालेला स्वर छताला लागून परत येण्यास पाव सेकंद लागतो. पुढे तो दगडी भिंती व खांब यांवर पुनःपुन्हा आदळून कित्येक क्षण घुमत राहतो. अशा जागी गीत घाईने म्हटले, तर एक शब्द दुसऱ्यावर चढून सारा गोंधळ होईल. म्हणून तेथे लय संथ ठेवावी लागते. बोर्दो येथील १७८० साली उघडलेल्या भव्य नाट्यगृहात याउलट अनुभव येतो. कापडी आसने आणि श्रोत्यांची वस्त्रे आवाज शोषून घेतात. तेथे किंचितही चूक झाकली जात नाही. दक्षिणेकडील ओरांज गावी तर रोमन काळातील प्रेक्षागृह आहे. श्रोत्यांच्या डोक्यावर उघडे आकाश! परंतु रंगमंचामागे १०३ मीटर लांब आणि ३७ मीटर उंच अशी दगडी भिंत उभी असून ती गायकांचा आवाज श्रोत्यांकडे परतवते. यामुळेच कोणताही वृंद नव्या गावी पोहोचला, की संध्याकाळच्या कार्यक्रमापूर्वी तेथे थोडे गाऊन त्या वास्तूचा स्वभाव ओळखून घेतो.

दौऱ्यात या बालगायकांचा मुक्काम बहुधा त्या त्या शहरातील कुटुंबांत असतो. अनोळखी घर, अनोळखी जेवण, आणि सकाळी पुन्हा निरोप. आईवडिलांपासून दूर असलेल्या दहाबारा वर्षांच्या मुलाला हे सोपे नसते. तरीही संध्याकाळी आवाज स्थिर ठेवावाच लागतो.

यापेक्षाही कठीण प्रसंग प्रत्येकावर येतो. तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुलाचा आवाज फुटतो. कंठ वाढतो, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि काल सहज लागणारा उंच स्वर आज लागेनासा होतो. ज्या स्वरासाठी वर्षानुवर्षे सायास केले, तो कायमचा गेलेला असतो. काही मुले पुढे टेनर किंवा बास म्हणून वृंदात उभी राहतात, काहींना निरोप घ्यावा लागतो. त्यांच्या जागी नवे, लहान मूल येते आणि शेजारच्या अनुभवी मुलाचे ऐकत ऐकत शिकते.

दीर्घ स्वर गाताना सर्व गायक एकदम श्वास घेत नाहीत. एकजण हळूच थांबून श्वास घेतो, तेवढा वेळ शेजारी स्वर धरून ठेवतो. श्रोत्यांना खंड जाणवत नाही. १९०७ मध्ये गाणाऱ्या मुलांपैकी आज कोणीही हयात नाही. तथापि शंभराहून अधिक वर्षे हा वृंद गात राहिला. कारण जो थांबला, त्याचा स्वर शेजारच्याने धरून ठेवला.