मेलबर्नच्या मुलखात रग्बी लीग

जगातला पहिला कसोटी सामना १८७७ साली ज्या मैदानावर झाला, आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारी कसोटी पाहण्यासाठी ज्याच्याकडे आपल्याकडचे क्रिकेटवेडे पहाटेपासून डोळे लावून बसतात, त्या मैदानामुळे मेलबर्न हे नाव मराठी वाचकाला परके नाही. परंतु खुद्द मेलबर्नकराला त्याच्या शहराचा खेळ कोणता असे विचारले, तर त्याच्या मुखी क्रिकेटचे नाव येण्याचा संभव थोडाच. त्याचे दैवत निराळे आहे. हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगे सुस्तावू नयेत, या सद्हेतूने टॉम विल्स नावाच्या एका क्रिकेटपटूने १८५८ मध्ये फुटबॉलचा क्लब काढण्याची सूचना केली, आणि पुढच्याच वर्षी मेलबर्न क्लबच्या चार मंडळींनी बसून ज्या खेळाचे नियम लिहून काढले, तो लंबवर्तुळाकार मैदानावर प्रत्येकी अठरा गडी घेऊन खेळला जाणारा ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजेच लोकांच्या बोलीतली ‘फूटी’, या शहराची वतनदार आहे. कचेरीतल्या गप्पा, शाळेतल्या मुलांची भांडणे आणि शेजाऱ्याशी होणारी पहिली ओळख या सर्वांवर तिचा अंमल चालतो. तिच्या अंतिम सामन्याच्या आदल्या शुक्रवारी व्हिक्टोरिया राज्यात सार्वजनिक सुट्टी असते, यावरून त्या अंमलाची व्याप्ती ध्यानात यावी.

असा बंदोबस्त असलेल्या मुलखात दुसरा एखादा खेळ नेऊन रुजवणे किती दुष्कर असते, याचे उदाहरण म्हणून रग्बी लीगची मेलबर्नमधील हकीकत पाहण्याजोगी आहे. इयन टर्नर या इतिहासकाराने १९७८ मध्ये एका व्याख्यानात ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर एक काल्पनिक रेषा ओढली होती आणि रॉन बरासी या विख्यात फूटीपटूचे नाव तिला दिले होते: रेषेच्या एका अंगाला सिडनी आणि ब्रिस्बेन ही रग्बीची शहरे, तर दुसऱ्या अंगाला मेलबर्न, अ‍ॅडलेड आणि पर्थ ही फूटीची. ती विनोदाने ओढली गेली खरी, तथापि एखाद्या राज्याच्या सरहद्दीने लाजावे इतकी ती पक्की ठरली.

रग्बी लीग म्हणजे काय, हेही येथे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण मुंबईच्या जिमखान्यावर गोऱ्या साहेबांनी आणलेली जी रग्बी आपल्याला ऐकून ठाऊक आहे, ती पंधरा जणांची रग्बी युनियन होय. लीग हे तिच्यातून फुटून निघालेले, श्रमिकांचे घराणे. यॉर्कशर आणि लँकशर या इंग्लंडच्या उत्तरेकडील परगण्यांतले खाणकामगार आणि गिरणी कामगार शनिवारची पाळी बुडवून सामना खेळत, आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी एवढीच त्यांची फिर्याद होती; ती लंडनच्या सुखवस्तू कारभाऱ्यांनी फेटाळल्यावर उत्तरेकडचे क्लब २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात जमले आणि वेगळे झाले. लालबाग-परळच्या गिरणगावात कबड्डीने जे स्थान मिळवले, तेच लीगने या धूर ओकणाऱ्या गावांत मिळवले असे म्हटले तर वावगे होणार नाही. सिडनीतही १९०७ साली हाच वाद उद्भवला आणि न्यू साउथ वेल्सची लीग स्थापन झाली; तिच्या खजिन्याचा पहिला कारभार ज्याच्याकडे गेला, तो गृहस्थ म्हणजे जगप्रसिद्ध फलंदाज व्हिक्टर ट्रंपर, हे क्रिकेटच्या चाहत्यांनाही सहसा माहीत नसते.

वेगळे झालेल्या घराण्याने हळूहळू आपले नियमही वेगळे केले. गडी तेरा झाले. चेंडू हातातून पुढे फेकता येत नाही हे बंधन कायम राहिले. मात्र खेळाडू पकडला गेला की युनियनमध्ये होते तशी ढिगाऱ्यातली ओढाताण बंद होऊन, त्याने उठून उभे राहावे आणि पायाच्या तळव्याने चेंडू मागच्या सोबत्याकडे सरकवावा, अशी रीत पडली. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन होतो. म्हणून पाचव्या पकडीनंतर बहुधा तो लाथेने दूर उडवला जातो. प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ‘ट्राय’चे चार गुण, आणि त्यानंतर खांबांमधून चेंडू मारला की आणखी दोन. खेळ वेगवान आहे, अंगावर येणारा आहे, आणि समजायला युनियनहून कितीतरी सोपा आहे. परंतु चेंडू आकाशात उंच उडवून तो उडी मारून झेलण्यात ज्याला सौंदर्य दिसते, त्या मेलबर्नच्या प्रेक्षकाला सरळ रेषेत धडका घेणारा हा खेळ आरंभी रुक्ष वाटला, यात नवल नाही.

मेलबर्नमध्ये लीगला प्रेक्षक मिळू शकतील, याची पहिली मोठी साक्ष १९९४ च्या जूनमध्ये मिळाली. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड या दोन राज्यांमधली ‘स्टेट ऑफ ओरिजिन’ ही लढत त्या वर्षी मेलबर्न क्रिकेट मैदानावर भरवण्यात आली आणि ती पाहायला ८७,१६१ माणसे आली. या आकड्याने कारभाऱ्यांचे डोळे दिपले. वस्तुतः त्यांनी तो अधिक सावधपणे वाचायला हवा होता. मोठ्या प्रसंगाला हजर राहणे हा मेलबर्नचा स्थायीभाव आहे: घोड्यांची शर्यत असो, टेनिस असो वा मोटारींची शर्यत, हे शहर तिकीट काढून येते, कौतुक करते आणि घरी जाते. जत्रेची गर्दी पाहून दुकानाची उलाढाल ठरवू नये, हे आपल्या गावचा वाणीसुद्धा जाणतो.

पुढे दुकान निघाले, तेही एका लढाईच्या अखेरीस. रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज लिमिटेड या कंपनीने १९९५ पासून स्वतःची निराळी स्पर्धा उभारण्याचा उद्योग आरंभिला होता, त्यातून क्लब फुटले, खेळाडू फुटले, दाव्यांचा ढीग पडला, आणि १९९७ साली एकाच खेळाच्या दोन स्पर्धा शेजारी-शेजारी चालल्या. वर्षअखेरीस तह झाला आणि १९९८ पासून एकत्रित राष्ट्रीय लीग सुरू झाली. पर्थ आणि हंटर येथील बंद पडलेल्या क्लबांचे खेळाडू हाताशी होते. त्यांतले अनेक गोळा करून, ब्रिस्बेनचा अनुभवी ग्लेन लॅझरस याला कर्णधार आणि ख्रिस अँडरसन यांना प्रशिक्षक नेमून, न्यूज लिमिटेडने ‘मेलबर्न स्टॉर्म’ हा संघ मैदानात उतरवला. संघाच्या पोशाखात व्हिक्टोरियाचा गडद निळा आणि त्याच्या जोडीला जांभळा असे रंग घेतले. जांभळा रंग या शहराच्या कोणत्याही फूटी क्लबाच्या मालकीचा नव्हता, हे चातुर्य दाद देण्याजोगे.

दुसऱ्याच वर्षी, १९९९ च्या सप्टेंबरात, सिडनीच्या नव्या ऑलिंपिक मैदानावर १,०७,९९९ प्रेक्षकांसमोर स्टॉर्मने अंतिम सामना खेळला. मध्यंतराला सेंट जॉर्ज इलावारा संघाचे १४ गुण आणि स्टॉर्मचे शून्य. शेवटच्या मिनिटांत स्टॉर्मच्या क्रेग स्मिथने हवेतला चेंडू झेलला तोच प्रतिस्पर्ध्याचा हात त्याच्या डोक्यावर बसला, तो निपचित पडला आणि चेंडू निसटला. पंचाने पुनरावलोकन करून दंड म्हणून ट्राय दिला, मॅट गायरने समोरून चेंडू खांबांमधून मारला आणि २०-१८ असा निकाल लागला. एवढी नाट्यमय सुरुवात मिळाल्यावर शहर जिंकले गेले असे कोणालाही वाटावे. पण तसे घडले नाही. विजयाने संघाला आदर मिळाला, खेळाला आप्त मिळाले नाहीत. आणि ते मिळावेत कसे? लीगचे सामने मोफत वाहिनीवर वर्षानुवर्षे मेलबर्नमध्ये मध्यरात्रीनंतर दाखवले जात असत. जो खेळ मुलाला निजण्याच्या वेळेआधी दिसत नाही, तो मुलाचा होऊ शकत नाही. माझ्या मते शेकडो जाहिरातींच्या अपयशाहून हे कारण मोठे आहे.

क्रेग बेलामी २००३ मध्ये प्रशिक्षक झाले आणि स्टॉर्मचा खरा वैभवकाळ सुरू झाला. कॅमरन स्मिथ, बिली स्लेटर आणि कूपर क्रॉंक या त्रयीने जे यश मिळवले, ते ऑस्ट्रेलियातील कोणत्याही क्लबाला हेवा वाटावा असे होते. परंतु २२ एप्रिल २०१० रोजी गौप्यस्फोट झाला: खेळाडूंच्या वेतनावरील मर्यादा चुकवण्यासाठी क्लबने दुहेरी दफ्तर ठेवले होते. २००७ आणि २००९ ची विजेतेपदे काढून घेण्यात आली, सोळा लाखांहून अधिक डॉलरचा भुर्दंड पडला, आणि त्या हंगामात एकही गुण मिळणार नाही असे फर्मान निघाले. गुणच नाहीत, तर सामन्यांना अर्थ काय उरला? तरी तीनच दिवसांनी, युद्धांत पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या अँझॅक दिनी, न्यूझीलंडच्या वॉरियर्स संघाविरुद्ध स्टॉर्म ४०-६ ने जिंकला आणि तो सामना पाहायला वीस हजारांवर माणसे आली. सिडनीतून होणाऱ्या टीकेने मेलबर्नला प्रथमच ‘आपला’ संघ दिला, असे म्हणण्याचा मोह होतो. अपराध खरा होता आणि शिक्षाही न्याय्य होती, पण दुसऱ्या शहराने आपल्या माणसाला बोल लावला की माया अधिकच दाटते, हा मानवी स्वभाव कोणत्या हुकुमाने बदलणार? पुढे २०१२, २०१७ आणि २०२० साली निर्विवाद विजेतेपदे आली, आणि २०१३ मध्ये न्यूज लिमिटेडने क्लब खासगी मालकांना विकला.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. स्मिथ, स्लेटर आणि क्रॉंक हे तिघेही क्वीन्सलंडचे सुपुत्र. मेलबर्नने त्यांना मोठे केले, जन्म दिला नाही. संघासाठी तरुण खेळाडूंची भरती प्रायः उत्तरेकडूनच होत राहिली. व्हिक्टोरियातच जन्मलेला आणि वाढलेला पहिला खेळाडू, माहे फोनुआ, स्टॉर्मकडून २०१२ मध्ये मैदानात उतरला, म्हणजे स्थापनेनंतर चौदा हंगाम उलटल्यावर. फोनुआचे घराणे टोंगाचे, आणि या तपशिलातच पुढची वाट दडलेली आहे. शहराच्या पश्चिम आणि आग्नेय उपनगरांत टोंगा, सामोआ आणि न्यूझीलंडहून आलेली जी कुटुंबे स्थायिक झाली, त्यांच्या घरी हा खेळ आधीपासून होता. त्यांना तो शिकवण्यासाठी जाहिरातीची गरज नव्हती, गरज होती हिरवळीच्या तुकड्याची, शनिवारी सकाळी शिट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्या पंचाची आणि मुलांना मैदानावर पोचवणाऱ्या मोटारीची. लीगचा मेलबर्नमधला उत्कर्ष जेवढा झाला, तो या मैदानांवर झाला. विंडम भागात, जिथे आता हजारो भारतीय आणि त्यांत अनेक मराठी कुटुंबे राहतात, तिथेही शेजारच्या या कुटुंबांची मुले हा खेळ खेळतात.

रोपणाचा प्रत्येक प्रयत्न सफल होतो असेही नाही. लीगचा अ‍ॅडलेड रॅम्स हा संघ दोन हंगामांत संपला. आणि मेलबर्नमध्येच, स्टॉर्मच्याच मैदानावर खेळणारा रग्बी युनियनचा रेबल्स हा संघ कर्जाच्या ओझ्याखाली २०२४ मध्ये बंद पडला. तुलनेने स्टॉर्म टिकला. याचे श्रेय मी विजेतेपदांना अर्धे आणि सातत्याला अर्धे देईन: एकच प्रशिक्षक वीसहून अधिक वर्षे, आणि अँझॅक दिनाच्या संध्याकाळी ठरलेला सामना, की ज्या दिवशी दुपारी शेजारच्या क्रिकेट मैदानावर फूटीचा जंगी सामना झालेला असतो. फूटीला हुसकावण्याचा हट्ट धरला असता तर लीगचा पराभव अटळ होता. फूटीच्या शेजारी बसायला मिळालेली जागा लीगने राखली. संघ शहराने स्वीकारला, खेळ मात्र अजून अर्धाच स्वीकारला आहे, असा माझा अभिप्राय आहे.

बॉक्सिंग डे कसोटीच्या निमित्ताने डिसेंबरात मेलबर्नला जाणाऱ्या मराठी प्रवाशाला हा खेळ दिसणार नाही. त्याचा हंगाम मार्चपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत. त्या काळात कोणी गेला तर त्याने क्रिकेट मैदानापासून चालत जाता येण्याजोग्या, स्टॉर्मच्या आमी पार्क या मैदानावरचे तिकीट काढावे, आणि पहिली काही मिनिटे चेंडूच्या मागे न लागता केवळ पकडी मोजाव्यात. सहाव्या पकडीला चेंडू का सोडावा लागला हे उमगले, की उरलेला खेळ समजायला कोणाला विचारावे लागत नाही.