घरचा संगणक मंदावतो तेव्हां

नवा संगणक घरांत आला म्हणजे वर्षभर त्याचें कौतुक होतें. चौथ्या वर्षीं तोच सकाळीं सुरू करून गृहस्थ चहा घेऊन परततात, तरी पडद्यावरचें चक्र फिरतच असतें. मग ‘यंत्र आतां म्हातारें झालें’ असा निकाल देऊन नव्या यंत्राची किंमत विचारली जाते. हा निकाल बहुधा घाईचा असतो. शिवणयंत्राचे दांते झिजतात तशी प्रोसेसराची झीज होत नाहीं. पहिल्या वर्षीं तो जितकी आकडेमोड करी तितकीच आजहि करूं शकतो. वाढलेला असतो तो त्याच्यावरचा भार. म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं खोळंबा नेमका कोठें होतो तें पाहावें.

विंडोजवर चालणाऱ्या यंत्रांत ही पाहणी घरबसल्या करतां येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या कीं ‘टास्क मॅनेजर’ उघडतो, व प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांपैकीं कोण किती गुंतलें आहे तें टक्क्यांत दिसतें. रॅम सतत ९० टक्क्यांच्या वर असेल तर एकाच वेळीं उघडलेलें काम फार झालें असें समजावें. रॅममध्यें न मावणारा मजकूर संगणक डिस्कवर नेऊन ठेवतो, आणि ह्या ने-आणींत वेळ जातो. तेथेंच ‘स्टार्टअप’ ही यादी असते. कोणी न बोलावतां यंत्राबरोबर जागे होणारे प्रोग्रॅम तींत सांपडतात; त्यांतले नको ते बंद करावे. विषाणुरोधक प्रोग्रॅम मात्र चालूच हवा, पण एकच. दोन पहारेकरी एकाच पाहुण्याची झडती घेऊं लागले कीं दारांतच गर्दी होते.

रोज रात्रीं संगणक नेमानें बंद करणाऱ्यांनीं तेथला ‘अप टाइम’ हा आंकडा अवश्य पाहावा. कित्येकदां तो पंधरा-वीस दिवस दाखवितो! २०१२ सालच्या विंडोज ८ पासून ‘शट डाऊन’ म्हणजे बहुतेक यंत्रांत पुरतें बंद होणें राहिलें नाहीं. सकाळीं लौकर सुरू होतां यावें म्हणून प्रणालीच्या गाभ्याची स्थिति डिस्कवर जपून ठेवली जाते व तीच पुन्हां उचलली जाते. तिच्याबरोबर सांचलेला गोंधळहि परत येतो. खरी झाडलोट ‘रीस्टार्ट’नें होते. ती आठवड्यांतून एकदां पुरे.

डिस्क वारंवार १०० टक्क्यांवर अडकत असेल तर ती कोणत्या जातीची आहे हें महत्त्वाचें. जुन्या लॅपटॉपमधील हार्ड डिस्क म्हणजे बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी. ग्रामोफोनच्या ७८ फेऱ्यांपुढें हा वेग अचाट वाटतो. तरीहि हवी ती नोंद टोंकाखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारें ५·६ मिलिसेकंद, थांबावें लागतें, आणि टोंक हलविण्याचा वेळ निराळाच. अशीं हजारों वाचनें एकामागून एक झालीं म्हणजे चहा थंड होतो. एसएसडींत फिरणारें कांहींच नसतें; तेथें हीच प्रतीक्षा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास येते. म्हणून हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली कीं जुनें यंत्र ओळखूं येत नाहीं. विखुरलेल्या फाइली जुळविण्याचा ‘डीफ्रॅग’चा उपाय तबकडीसाठींच होता, एसएसडीला त्याचा लाभ जवळजवळ नाहीं, आणि तिच्या पेशी ठराविक वेळांच पुसून लिहितां येत असल्यामुळें व्यर्थ झीज मात्र होते. दोहोंतहि थोडी जागा मोकळी ठेवावी.

‘रजिस्ट्री’ साफ करून देतों म्हणणाऱ्या जाहिराती वाचून सोडून द्याव्या. अशा साधनांना स्वतः मायक्रोसॉफ्टहि पाठिंबा देत नाहीं. त्यापेक्षां पंख्याची जाळी पाहावी. तींत धूळ बसली कीं प्रोसेसर तापतो आणि जळूं नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो.

एका प्रसंगीं मात्र ह्यांतलें कांहींच करूं नये. हार्ड डिस्कमधून टकटक ऐकूं येत असेल, किंवा ठराविक फाइली उघडतांना यंत्र थिजत असेल, तर तें मंदपण नव्हे, दुखणें होय, आणि तपासण्या-झाडलोटीचा ताण त्या डिस्कला सोसेलच असें नाहीं. अशा वेळीं मुलांचे फोटो आणि वडिलांच्या पेन्शनचे कागद प्रथम बाहेरच्या डिस्कवर उतरून घ्यावे. दुरुस्तीवाल्याला त्यानंतर बोलवावें.