आठव्या कलमाचा मागोवा

एकाच नियमावलीखाली जवळजवळ अर्धशतक शर्यती लढलेल्या ए-क्लास कॅटॅमरानच्या जागतिक स्पर्धा आता पात्यांवर उडणाऱ्या होड्यांचा ‘मुक्त’ आणि न उडणाऱ्यांचा ‘पारंपरिक’ अशा दोन विभागांत भरतात, आणि एकाच किनाऱ्यावर उतरलेले नाविक एकमेकांशी झुंज न देताच घरी परततात. ही वाटणी पाहिली की, या वर्गावर दीर्घकाळ प्रेम केलेल्या माणसाला तिचे मूळ शोधल्यावाचून राहवत नाही.

साठीच्या दशकात शिडाच्या क्षेत्रफळावरून जुळ्या होड्यांचे ए, बी, सी, डी असे चार वर्ग पाडण्यात आले. त्यांत एकट्या नाविकाच्या ए-क्लासला लांबी 5.49 मीटर, रुंदी 2.30 मीटर, डोलकाठी धरून शीड 13.94 चौरस मीटर आणि पुढे किमान वजन 75 किलो एवढीच चौकट होती. बाकी सर्व बाबी कारागिराच्या बुद्धीवर सोपवलेल्या होत्या. लाकूड गेले, फायबरग्लास आला, त्याच्या जागी कार्बन आला; त्या वर्षांत रेंगाळण्याजोगे फारसे नाही.

खरा तंटा सुरू झाला 2009 मध्ये. पाण्याखालच्या पात्यांवर होडी उचलली गेली म्हणजे पाण्याचा रोध एकदम घटतो आणि वेग वाढतो; पण खर्चही वाढेल, जुन्या होड्या कवडीमोल होतील, ही सभासदांची भीती रास्त होती. मात्र ‘उड्डाण निषिद्ध’ असे स्वच्छ लिहिण्याऐवजी आठव्या कलमात आडवळणाची तरतूद झाली: पाते वरूनच खोबणीत घालावे, आणि दोन्ही पात्यांच्या टोकांत किमान 1.50 मीटर अंतर असावे. म्हणजे प्रत्येक बाजूस आतल्या अंगाला सुमारे 40 सेंटिमीटर जागा मोकळी राहिली, आणि हिकमती माणसांना तेवढी पुरली.

2012 मध्ये ऑकलंडच्या समुद्रात अमेरिकाज कपच्या शर्यतीसाठी उतरणाऱ्या न्यूझीलंड संघाची 72 फुटी कॅटॅमरान पात्यांवर पाण्याबाहेर उचलली जाऊन धावली. त्याच संघातील ग्लेन अ‍ॅशबी यांनी 2014 मध्ये टाकापुना येथे ए-क्लासचे जागतिक विजेतेपद पटकावले. तेथील वाळूवर मी जवळून पाहिले की, टोकाशी आत वळवलेले ते काळे पाते नाविक आधी तिरपे धरी, मग हळूहळू वळवीत वरच्या फटीतून खाली उतरवी. कलमाचा शब्द अक्षरशः पाळला जात होता आणि त्याचा हेतू त्याच क्षणी रद्दबातल होत होता. जी प्रतिभा वेगासाठी खर्ची पडावी, ती अरुंद फटीतून वाकडे पाते पार करण्यात खर्ची पडली. आणि त्या पात्यांची किंमत सुट्टीच्या दिवशी समुद्रावर येणाऱ्या सामान्य सभासदाने मोजली. ज्या खर्चापासून त्याला वाचवण्यासाठी कलम घडले, तोच खर्च कलमाने त्याच्या माथी मारला, याचा मला आजही संताप येतो. बंदी हवी होती तर ती निःसंदिग्ध करावयाची होती. नको होती, तर दार सताड उघडावयाचे होते.

या तंट्यातून पडलेल्या दोन्ही विभागांची लांबी, रुंदी, वजन आणि शीड यांची मापे आजही एकच आहेत; फरक आहे तो उड्डाणाचा. तेव्हा वर्गाच्या धुरीणांना माझी एवढीच विनंती आहे की, यापुढे ज्या दुरुस्तीचा मसुदा सभासदांपुढे मतास येईल, त्याच्या पहिल्याच वाक्यात नेमके काय निषिद्ध आहे ते लिहिलेले असावे.