भाकरी तव्याआधीच ठरते

ज्वारीची भाकरी बिघडली की दोष हाताला जातो. थापणाऱ्या बाईच्या हाताला गुण असतो आणि तो ज्याला नाही त्यानं पोळीवर भागवावं, असं अजूनही घरोघरी ऐकू येतं. या समजापायी कितीतरी तरुण मुलं-मुली परातीजवळ जायला धजत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सराव लागतो हे खरंच. पण कडेला चिरणारी, तव्यावर टाकताना मोडणारी, तासाभरात कडक होणारी भाकरी बहुतेक वेळा थापायच्या आधीच बिघडलेली असते. पीठ, पाणी आणि मळणं, या तिन्हींत काय घडतं ते कळलं की अर्धी भीती तिथेच जाते.

गव्हाच्या पिठात पाणी पडलं की त्यातल्या प्रथिनांपासून ग्लुटेन तयार होतं. हे चिवट, ताणलं जाणारं जाळं असतं. म्हणून कणीक लाटता येते, पोळीला पदर सुटतात. ज्वारीतही प्रथिनं असतात, पण त्यांतली बहुतेक कॅफिरिन नावाच्या गटातली. ती पाण्याला जवळ करत नाहीत आणि दाण्यात बारीक कणांमध्ये बंदिस्त असतात. कितीही मळलं तरी त्यांचं जाळं विणलं जात नाही. म्हणजे ज्वारीचं पीठ धरून ठेवायचं सगळं काम स्टार्चवर येऊन पडतं.

आणि स्टार्चला त्यासाठी उष्णता लागते. गार पाण्यात त्याचे कण नुसते भिजतात. तापमान सुमारे 70 अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की ते पाणी शोषून फुगतात, त्यांची खळ होते, आणि हीच खळ बाकीचं पीठ बांधून ठेवते. घरातल्या जुन्या बायका 'पाण्याला चांगली उकळी येऊ दे' म्हणतात, ते यासाठीच. उकळतं पाणी गार पिठावर पडलं की मिश्रणाचं तापमान लगेच वीस-पंचवीस अंशांनी उतरतं, तरीही ते खळ होण्याइतकं गरम राहतं. पाणी नुसतं हाताला चटका बसण्याइतकं तापवलं असेल, तर पिठात पडल्यावर ते पन्नाशीच्या आसपास येतं आणि खळ होतच नाही. कोमट पाण्यात मळलेली भाकरी चिरते ती याच कारणानं.

एक वाटी पिठाला पाऊण ते एक वाटी पाणी लागतं. नेमकं किती ते पीठ सांगतं. परातीत पिठाच्या मधोमध आळं करावं, चिमूटभर मीठ घालून उकळतं पाणी ओतावं, चमच्यानं किंवा उलथन्याच्या दांड्यानं ढवळावं आणि पाच-दहा मिनिटं झाकून ठेवावं. हे झाकणं कुणी टाळू नये. आतल्या वाफेनं कोरडं राहिलेलं पीठही मुरतं. मग हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेनं पीठ पुढे रगडायचं, गोळा करायचं, पुन्हा रगडायचं. लागेल तसा गार पाण्याचा हबका द्यायचा. सुरुवातीला भुसभुशीत वाटणारं पीठ हळूहळू गुळगुळीत होतं. उंडा दाबल्यावर त्याच्या कडेला भेगा पडल्या नाहीत, तर पीठ तयार आहे. एका वेळी एका भाकरीपुरताच उंडा मळावा, कारण मळलेलं पीठ थोड्या वेळात वरून सुकतं आणि मग पुन्हा तेच चिरणं.

आता पिठाविषयी. ताज्या पिठाला एक चिकटपणा असतो, त्याला विरी म्हणतात. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि मग कितीही खटपट केली तरी भाकरी फाटते. म्हणून गिरणीतून आठ-दहा दिवसांचंच पीठ आणायची रीत आहे. बारीक दळलेलं पीठ भाकरीला बरं, कारण दळताना ज्यांना तडे जातात ते स्टार्चचे कण पाणी लवकर शोषतात. परदेशातल्या मराठी घरांत पाकिटातलं, महिनोन् महिने प्रवास केलेलं पीठ वापरावं लागतं. तिथे उकळत्या पाण्याला पर्याय नाही. आपल्याकडच्या ताज्या पिठाची भाकरी काही जणी गार पाण्यातही करतात, ती विरी गेलेल्या पिठाची जमायची नाही.

दाणाही पाहून घ्यावा. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. ती काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते आणि कोरड्या हवेत पिकते, म्हणून दाणा टपोरा, मोत्यासारखा राहतो. खरिपाच्या ज्वारीला दाणे भरताना पाऊस लागला तर बुरशीनं ती काळी पडते. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला स्थानिक वाणातून निवडलेली मालदांडी 35-1 आजही भाकरीसाठी मागून घेतली जाते. त्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानात नुसती 'ज्वारी' न मागता कुठली, कुठल्या हंगामाची, असं विचारावं. विचारणारं गिऱ्हाईक असलं तरच शेतकऱ्याला चांगला दाणा पेरावासा वाटेल.

थापताना परातीत पीठ भुरभुरून उंडा बोटांनी कडेपासून दाबत फिरवायचा. कड जाड राहिली की ती कच्ची राहते. सुरुवातीला कुणी प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटली तरी बिघडत नाही. पाणी आणि मळणं नीट असेल तर लाटलेली भाकरीही मऊ होते.

तव्यावर भाकरी टाकताना पिठाची बाजू वर येते. त्यावर लगेच ओल्या हातानं पाणी फिरवायचं. भुरभुरलेलं कोरडं पीठ तसंच राहिलं तर ते करपतं आणि तडकतं. पाण्यानं त्याची पातळ खळ होते आणि वरच्या बाजूला अखंड कातडी तयार होते. पाणी सुकत आलं, पण पुरतं वाळलं नाही, अशा क्षणी उलटायचं. उशीर झाला की भेगा पडतात. ही पाण्याची बाजू तव्यावर नीट शेकू द्यायची आणि मग पहिली बाजू थेट आचेवर धरायची. आतल्या ओलीची वाफ होते, ती दोन्ही कातड्यांमध्ये कोंडते आणि पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगते. एखाद्या ठिकाणी चीर असेल तर वाफ तिथून निसटते. तव्याचा ताव कमी असेल तर वाफ व्हायच्या आधीच भाकरी वाळते. तवा लोखंडी असो की मातीचा, तो आधी चांगला तापलेला हवा.

भाजलेली भाकरी कापडात गुंडाळून ठेवतात त्यालाही कारण आहे. गार होताना स्टार्चचे रेणू पुन्हा घट्ट जवळ येतात आणि भाकरी कडक होते. फ्रीजच्या थंडाव्यात हे सगळ्यांत वेगानं घडतं, म्हणून उरलेली भाकरी फ्रीजमध्ये ठेवू नये. पाण्याचा हात लावून तव्यावर गरम केली की ती बरीचशी मऊ होते. सोलापूरकडे मात्र भाकरी मुद्दाम पातळ थापून मंद आचेवर पार कोरडी करतात. ही कडक भाकरी बरेच दिवस टिकते आणि ती शेंगाचटणी-दह्यासोबत किंवा आमटीत चुरून खातात.