आज्ञापालन आणि औषधसातत्य : एका संज्ञाभेदाचा विचार

रोग्याने औषध नेमाने घ्यावे, हा आशय सुचविणारा ‘पथ्य’ हा जुना शब्द मराठीत आहे. परंतु त्याचा रोख मुख्यतः आहारविहाराकडे असतो. इंग्रजी वैद्यकात प्रारंभी ‘कंप्लायन्स’ ही संज्ञा रूढ होती. वैद्याची आज्ञा पाळणे एवढेच तीत अभिप्रेत होते. कालांतराने ‘अ‍ॅडहिअरन्स’ ही संज्ञा पुढे आली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालाने रोग्याची संमती हा तिचा आवश्यक घटक मानला. मराठीत पहिलीस ‘आज्ञापालन’ व दुसरीस ‘औषधसातत्य’ म्हणता येईल. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे, हे एचआयव्हीबाधित गर्भवतीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

उपचार न झाल्यास गर्भावस्था, प्रसूती व स्तन्यपान या तीन अवस्थांत मिळून बालकास बाधा होण्याची शक्यता शेकडा १५ ते ४५ असते. अमेरिका व फ्रान्स येथील, १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात झिडोव्हुडीन या औषधामुळे संक्रमणाचे प्रमाण शेकडा २५.५ वरून ८.३ वर आले. आजच्या संयुक्त उपचाराने ते शेकडा पाचाच्याही खाली आणता येते. भारतात शासकीय केंद्रांतून मोफत उपचार २००४ मध्ये सुरू झाले आणि २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीस आजन्म उपचार देण्याचे धोरण अमलात आले.

तथापि औषध उपलब्ध होणे आणि ते पोटात जाणे यांत अंतर आहे. हे औषध विषाणूचा नाश करीत नाही, त्याची वाढ रोखून धरते. मात्रा वारंवार चुकल्यास रक्तातील औषधाचे प्रमाण घटते, विषाणू पुन्हा वाढतो आणि त्यातूनच औषधास न जुमानणारे प्रकार निपजतात. गर्भावस्थेत अडचणी वाढतात. ओकाऱ्यांमुळे गोळी टिकत नाही. गर्भास अपाय होईल अशी भीती वाटते. शिवाय लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या उपाशीपोटी सोबत घेतल्यास डोल्युटेग्राविर हे प्रचलित औषध शरीरात कमी शोषले जाते; त्या जेवणासोबत घेतल्यास हा दोष टळतो.

याहून कठीण अडचण घरातली असते. बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची आपल्याकडील रीत मायेची खरी. परंतु आजार गुप्त ठेवणाऱ्या स्त्रीस तेथे उपचारकेंद्र बदलावे लागते आणि नित्याची गोळी कोणाच्या नजरेस न पडता घ्यावी लागते. प्रसूतीनंतर अर्भकाच्या संगोपनात स्वतःकडे दुर्लक्ष होते. अनेक देशांतील ५१ अभ्यासांचे २०१२ मधील एकत्रित विश्लेषण हेच दर्शविते : पुरेसे औषधसातत्य राखणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण गर्भावस्थेत शेकडा ७५.७, तर प्रसूतीनंतर अवघे ५३ होते. वस्तुतः स्तन्यपानाच्या काळातही संक्रमणाचा धोका असतोच.

अशा स्त्रीस ‘तिने आज्ञा मोडली’ असे म्हणणे म्हणजे तिच्या परिस्थितीचा दोष तिच्या माथी मारणे होय. २०१७ च्या एचआयव्ही व एड्सविषयक केंद्रीय कायद्याने गोपनीयतेस संरक्षण दिले, ते याच दृष्टीने महत्त्वाचे आहे; कारण उघडकीची भीती सरली तरच गोळी लपवावी लागत नाही. ‘आज्ञापालन’ हा शब्द केवळ रोग्याकडे बोट दाखवितो; ‘औषधसातत्य’ म्हटले की कुटुंब, दवाखाना आणि समाज हेही त्या जबाबदारीत सहभागी होतात.