घरदारातले दार

मराठीत माणसाचा संसार सांगावयाचा असला की आपण नुसते 'घर' म्हणत नाही, 'घरदार' म्हणतो. घराला भिंती असतात, छप्पर असते, माजघर असते. पण शब्दात घराच्या शेजारी बसण्याचा मान मिळाला तो दाराला. गावाची वस्ती मोजायची तरी आपण 'शंभर उंबऱ्यांचे गाव' म्हणतो. कामासाठी कोणाकडे खेटे घालावे लागले तर त्याचे उंबरठे झिजवतो, आणि कोणाशी बिनसले तर त्याला दारात उभे करीत नाही. घराची अब्रू, अगत्य आणि राग ही सारी आपल्या भाषेने दारातच आणून ठेवली आहेत.

दिवाळी जवळ आली की घरोघर या दाराची आठवण होते. रंग कोणता द्यावा, फाटक बदलावे काय, पुढच्या भिंतीला फरशी लावावी काय, अशी खलबते सुरू होतात. दुकानात गेले तर नमुन्यांच्या जाड वह्या समोर येतात आणि त्यातली सगळीच घरे सारखी दिसतात. मी काही वास्तुशिल्पी नव्हे. कॉलेजात मराठी शिकवणारी बाई आहे. पण माझे माहेर साताऱ्याचे आणि सासर सांगलीचे. त्यामुळे कृष्णेच्या खोऱ्यातली पुष्कळ दारे मी ओलांडली आहेत, आणि कोणत्या दारापुढे पाय आपोआप थबकतो, कोणत्या दारापुढून चटकन निघून जावेसे वाटते, याचा विचार करण्याची खोड मला लागली आहे.

संस्कृतात 'देहलीदीपन्याय' नावाचा एक न्याय आहे. देहली म्हणजे उंबरठा. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा घरातही उजेड पाडतो आणि अंगणातही. एका गोष्टीने दोन्हीकडची कामे साधली की पंडित हा न्याय सांगतात. मला वाटते, घराची दर्शनी बाजू पारखण्यास याहून चांगली कसोटी नाही. ती घरातल्या माणसांच्या किती उपयोगी पडते, आणि बाहेरून येणाऱ्याच्या किती? दोन्हीकडे उजेड पाडणारे दार सुंदर दिसल्यावाचून राहत नाही.

साताऱ्याकडची दारे

शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ मध्ये झाला आणि पुढे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी सातारा शहर वाढले. तिथल्या पेठांतून जी जुनी घरे अजून उभी आहेत, त्यांची तोंडे न्याहाळून पाहावीत. खाली काळ्या दगडाचे जोते, वर विटांची भिंत, मधोमध सागवानी चौकट आणि चौकटीच्या वरच्या पट्टीवर कोरलेला गणपती. दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक कोनाडा. यात केवळ शोभेसाठी केलेले असे फार थोडे आहे. जोते उंच, कारण पावसाचे पाणी आणि रस्त्याची ओल घरात येऊ नये. कोनाडा खोल, कारण पणती वाऱ्याने विझू नये. उंबरठा उंच, कारण विंचूकाटा आणि केरकचरा बाहेरच राहावा. शोभा आली ती या उपयोगाच्या पाठोपाठ.

वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांचा वाडा आहे. ही जमीन नानांना १७६८ मध्ये मिळाली आणि कृष्णेच्या काठी सहा चौकांचा वाडा उभा राहिला. अशा वाड्यांची थोरली दारे रोज सताड उघडत नसत. थोरल्या दाराच्या पोटात एक लहान दार असे, त्याला दिंडी म्हणतात. रोजची ये-जा दिंडीतून. दिंडीतून जाताना थोराला आणि लहानाला सारखेच वाकावे लागे. यात पहारा होता, बंदोबस्त होता. पण आत गेल्यावर देवडीत बसावयास जागाही होती. संशय आणि अगत्य यांची इतकी चांगली जोडी हल्लीच्या लोखंडी फाटकांना साधलेली नाही. तिथे 'कुत्र्यापासून सावध राहा' एवढी पाटी तेवढी ठळक असते. घरमालकाचे नाव शोधावे लागते.

साध्या घरांची रीत याहून साधी. दाराच्या अलीकडे उजव्या-डाव्या हाताला एकेक ओटा. सकाळी त्यावर दूधवाला चरवी टेकवी, दुपारी बायका भाजी निवडीत, संध्याकाळी म्हातारी माणसे येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करीत. ओटा घराच्या मालकीचा. पण त्यावर बसावयाला मालकाची परवानगी लागत नसे.

हवेप्रमाणे घराचे तोंड बदलते, हेही याच दोन जिल्ह्यांत फिरताना कळते. महाबळेश्वर-पाटणकडे पाऊस इतका की छपरे उतरती, वळचण चांगली पुढे आलेली, आणि पावसाळ्यात दर्शनी बाजूला गवताच्या ताट्या बांधण्याची जुनी रीत. तेथून पूर्वेला आटपाडी-जतकडे गेले की पाऊस आटतो. मग सपाट धाब्याची माळवदे दिसू लागतात, खिडक्या लहान होतात आणि दारापुढे सावलीसाठी लिंब उभा असतो. नमुन्याच्या वहीत ही दोन्ही गावे एकाच पानावर असतात, हा त्या वहीचा दोष!

पुराने घातलेले कोडे

सांगलीत दाराचा प्रश्न नुसता शोभेचा राहिलेला नाही. इथे आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. पंचेचाळीस फूट म्हणजे धोक्याची खूण. २००५ मध्ये पाणी तिच्यावर चढले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तर सत्तावन्न फुटांच्याही वर गेले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. ज्या घरांनी हे पाहिले त्यांनी नवे बांधताना पहिला निश्चय केला: राहावयाचे ते वरच्या मजल्यावर, खाली फक्त खांब आणि गाड्या.

आमचे सासरचे घरही नदीपासून फार लांब नाही. २०१९ चे पाणी ओसरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ राहिली ती माझ्या डोक्याच्याही वर होती. घर नव्याने बांधावे असे ठरले. नकाशा आला, त्यात खाली तीन गाड्यांची जागा आणि कोपऱ्यातून वर जाणारा जिना. सर्वांना पसंत पडला. ऐंशीच्या घरातल्या सासूबाईंनी तेवढा विचारले, "ओटा कुठं आहे?"

कंत्राटदार हसून म्हणाला, "आजी, आता ओट्यावर बसतंय कोण? सगळ्यांना गाडी लावायला जागा हवी."

"गाडीला जागा आणि माणसाला नाही होय?" सासूबाई म्हणाल्या. "मी एकदा वर गेले की खाली यायची नाही, आणि खालचं कोणी उगीच वर यायचं नाही. मग मला पुरापासून वाचवलं काय आणि नाही वाचवलं काय!"

या बोलण्यावर घरात दोन दिवस वाद झाला. माझ्या दिरांचे म्हणणे असे की तीन गाड्यांची जागा म्हणजे पुढे घर विकताना किंमत. तेही खोटे नव्हते. पण शेवटी एका गाडीची जागा गेली आणि जिन्याच्या तोंडाशी आठ फूट लांबीचा कट्टा झाला. जुन्या ओट्याचे घडीव दगडच त्याला लावले. जिना एका दमात वर न नेता मध्ये रुंद चौथरा ठेवून दोन टप्प्यांत नेला, दोन्ही बाजूंना कठडा दिला. २०२१ च्या पुरात कट्टा पाण्याखाली गेला. पाणी उतरल्यावर खराट्याने घासून धुतला, आणि चौथ्या दिवशी त्यावर शेजारच्या दोघीजणी बसल्या होत्या. दगडाला पुराचे काही वाटत नाही. लाकडाला, प्लायवूडला आणि विजेच्या बटनांना वाटते. म्हणून पुराच्या गावी खालच्या भागात दगड आणि सिमेंटचा गिलावा असावा, मीटर व बटने रेघेच्या वर न्यावीत, आणि लाकडी शोभा वरच्या दाराला राखून ठेवावी.

कट्ट्यामुळे घराला शोभा आली काय? माझ्या मते आली. रस्त्याने जाणारा आमच्या घराकडे पाहतो तेव्हा त्याला अंधारे मोकळे खांब न दिसता बसलेली माणसे दिसतात.

थोड्या खर्चात करण्याजोगे

आता दिवाळीच्या सुटीत करता येतील अशा काही गोष्टी सांगते. क्रम मुद्दाम असा लावला आहे की पैसे संपले तर शेवटच्या गोष्टी राहाव्यात, पहिल्या राहू नयेत.

सर्वांत आधी पायरी. पायरीची उंची सुमारे सहा इंच आणि पाऊल ठेवण्याची रुंदी अकरा-बारा इंच असली की म्हाताऱ्याला चढता येते आणि मुलाला उतरता येते. सर्व पायऱ्या एका उंचीच्या हव्यात. एखादीच कमीजास्त असली की तिथे हटकून ठेच लागते. चकचकीत ग्रॅनाइट दुकानात देखणा दिसतो, पण पावसात त्यावरून पाय सटकतो. टाकी मारलेला खरबरीत दगड किंवा साधी शहाबादी फरशी त्याहून बरी. चाकाची खुर्ची यावयाची असेल तर एक फूट चढावाला बारा फूट लांबीचा उतार लागतो; जागा असल्यास तो आजच करून ठेवावा.

मग सावली. कुलूप काढीपर्यंत किंवा दार उघडीपर्यंत माणूस जिथे उभा राहतो, तेवढ्या जागेवर तरी छज्जा किंवा पत्र्याची झाप हवी. पाहुण्याने भिजत घंटा वाजवावी यासारखे दुसरे अनागत्य नाही.

त्यानंतर दिवा. माझ्या माहेरी ओसरीत कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील टांगलेला असे. त्याचा उजेड बेताचा, पण पडे तो थेट येणाऱ्याच्या तोंडावर आणि पायरीवर. आजचे दिवे प्रखर असतात आणि बहुधा फाटकावर बसवलेले असतात. त्यामुळे पाहुण्याचे डोळे दिपतात आणि पायरी अंधारात राहते. दाराच्या बाजूला, माणसाच्या डोक्याच्या थोडा वर, पिवळसर उजेडाचा एक दिवा पुरे. त्याच उजेडात घराचा क्रमांक आणि नाव वाचता आले पाहिजे.

बैठक हवीच. जमिनीपासून सतरा-अठरा इंच उंचीचा कट्टा, नाही तर एखादा बाक. जोडे काढताना टेकावयास तोच उपयोगी पडतो.

रंग सर्वांत शेवटी. भिंतीला एक, चौकटी-खिडक्यांना दुसरा, एवढे दोन रंग पुष्कळ झाले. जुने सागवानी दार नशिबाने लाभले असेल तर त्यावर तैलरंगाचे थर देऊ नयेत. असलेले थर हलक्या हाताने काढून जवसाचे तेल पाजावे. काळ्या दगडाच्या जोत्याला रंग लावणे म्हणजे तर केवळ पैसे देऊन शोभा घालवणे होय. झाडांत तुळस, जास्वंद, पारिजातक किंवा कर्दळ; पाणी कोण घालणार हे आधी ठरवावे आणि मग कुंड्या आणाव्यात.

सदनिकेचे दार

सदनिकेत राहणाऱ्या भगिनी म्हणतील, आम्हांला ना ओटा ना अंगण, आम्ही काय करावे? पण समोरासमोरच्या दोन दारांमधली वाट हेच त्यांचे अंगण आहे, आणि ते सामाईक असल्यामुळे त्याला अधिक जपले पाहिजे. चपलांचे कपाट वाटेत येऊ नये. आग लागली तर त्याच वाटेने सर्वांना उतरावयाचे आहे. दाराशेजारी स्वच्छ अक्षरातली नावाची पाटी, तिच्यात घरातल्या बाईचेही नाव, पिशवी टेकवण्यापुरती लहान फळी, आणि चिकटवण्याच्या रांगोळीऐवजी हाताने काढलेली चार ठिपक्यांची रांगोळी. हाताच्या रांगोळीत एक गुण आहे: ती काढताना दार उघडे राहते, आणि उघड्या दारातून समोरचीशी दोन शब्द बोलणे होते.

सगळे झाले की एक परीक्षा घ्यावी. दिवेलागणीच्या वेळी फाटकाबाहेर जाऊन आपण या घरी प्रथमच आलो आहोत असे समजावे. क्रमांक दिसतो काय? पाऊल कोठे टाकावे हे कळते काय? जोडे कोठे काढावे, आतून कोणी येईपर्यंत कोठे थांबावे, हे न विचारता समजते काय? चारही प्रश्नांना 'होय' असे उत्तर आले तर रंग जुना असला तरी बिघडत नाही. त्या दारी लक्ष्मी येईल तेव्हा येईल. माणसे मात्र खचित येतील.