पोटुशीला अर्धपोटी ठेवू नका

"जास्त खाल्लं तर पोर मोठं होते, बाळंतपण अडते," असं आपल्याकडे अजून सांगतात. पण अडीच किलोच्या आतलं बाळ जगवणं किती कठीण, ते आपण गावात पाहतोच ना ताईंनो!

गरोदरपणात साधारण १० ते १२ किलो वजन वाढावं. चौथ्या महिन्यापासून महिन्याला दीड-दोन किलो. दर महिन्याला वजन करून कार्डावर लिहून घ्या. एकदम वाढलं, तोंड-हात सुजले, तर ते खाल्ल्याचं वजन नव्हे. लगेच आशाताईला सांगून बीपी तपासा.

आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं. डबा घरी नेला की त्याचे चार वाटे होतात. तिथंच बसून जेवा. घरी वरण-भातासंगं तरोट्याची भाजी, अंडं असू द्या. आणि सासूबाई, सुनेचं ताट शेवटी नको.